क्रमवारीत न दिसणारी मुले

पत्राचा सारांश: ॲरिझोना राज्यात, फीनिक्सजवळच्या चँडलर या उपनगरात राहणाऱ्या एका आईचे हे पत्र आहे. त्यांची मोठी मुलगी पाचवीत आहे. ती अभ्यासात चांगली आहे, पण परीक्षेच्या आदल्या रात्री तिचे पोट दुखते. तिचा जीव रमतो तो चित्रकलेत आणि शाळेच्या वाद्यवृंदात. धाकटा मुलगा दुसरीत आहे आणि त्याला शाळेत आयईपीखाली, म्हणजे विशेष गरजा असलेल्या मुलासाठी आखलेल्या वैयक्तिक शिक्षण योजनेखाली, स्पीच थेरपी मिळते. दोघेही घराजवळच्या डिस्ट्रिक्टच्या, म्हणजे स्थानिक सरकारी शालेय विभागाच्या, शाळेत जातात. पुढच्या वर्षी मुलीला बेसिस या साखळीच्या चार्टर शाळेत (सरकारी पैशावर, पण स्वतंत्रपणे चालणाऱ्या शाळेत) घालावे असा पतींचा आग्रह आहे, कारण ती देशाच्या क्रमवारीत वर असते आणि सहावीनंतर जागा कमी निघतात असे ते म्हणतात. आईला ग्रेट हार्ट्स या दुसऱ्या साखळीच्या चार्टर शाळेचे वातावरण अधिक भावले आहे. महाराष्ट्र मंडळातली ओळखीची कुटुंबे ‘चार्टर मिळत असताना डिस्ट्रिक्टमध्ये कशाला ठेवता?’ असे विचारतात. पण त्यांच्यातल्याच एका घरचा मुलगा सातवीत चार्टर शाळा सोडून परत आला आहे आणि त्यामागचे कारण कोणी सांगत नाही. पत्रलेखिका विचारतात, की या तीन शाळांची तुलना नेमकी कशाच्या आधारावर करावी, दोन्ही भावंडांना एकाच शाळेत घालावे का, आणि आत्ता निर्णय चुकला तर मुलीचे कायमचे नुकसान होईल का.

तुमच्या तिन्ही प्रश्नांची उत्तरे मी देणार आहे, पण त्याआधी त्या प्रश्नांखाली दडलेल्या एका गृहीतकाविषयी बोलायला हवे. चार्टर शाळा ही ‘मिळवायची’ गोष्ट आणि घराजवळची शाळा म्हणजे काहीच मिळाले नाही तर उरणारी गोष्ट, असा सूर तुमच्या पत्रात आहे. तो तुमचा एकटीचा नाही. भारतात आपण ज्या व्यवस्थेत वाढलो तिथे चांगल्या शाळेचा प्रवेश धडपडून मिळवावा लागे आणि सहज मिळणाऱ्या शाळेकडे लोक संशयाने पाहत. लॉटरी, वेटलिस्ट आणि गणवेश दिसला की आपल्या मनात तेच जुने चित्र उभे राहते. वास्तविक चार्टर शाळा ही खासगी शाळा नव्हे. ती सरकारी पैशावर चालते, शुल्क घेत नाही, प्रवेशपरीक्षा घेऊन मुले निवडू शकत नाही, आणि जागांपेक्षा अर्ज जास्त आले तर तिला सोडत काढावी लागते. म्हणजे जागा मिळणे हा मुलीच्या गुणवत्तेचा पुरावा नाही आणि न मिळणे हा तिचा कमीपणाही नाही. असा पहिला कायदा 1991 साली मिनेसोटाने केला, ॲरिझोनाने 1994 साली केला. कल्पना अशी होती की शाळेला अभ्यासक्रम, वेळापत्रक आणि शिक्षकांच्या नेमणुका यांत मोकळीक द्यावी आणि त्या बदल्यात तिच्याकडून निकालाचा हिशेब मागावा. मोकळीक मिळाली की काही शाळा उत्तम होतात, काही सामान्य राहतात आणि काही बंद पडतात. ‘चार्टर’ या पाटीवरून यांपैकी काय होईल ते कळत नाही.

तुम्ही उपनगरात राहता ही गोष्ट इथे फार महत्त्वाची आहे. स्टॅनफर्ड विद्यापीठाच्या क्रेडो या केंद्राने 2023 साली प्रसिद्ध केलेल्या मोठ्या अभ्यासात, सारखी पार्श्वभूमी असलेल्या मुलांची तुलना केल्यावर, चार्टरमधली मुले वर्षभरात सरासरीने वाचनात सुमारे 16 दिवसांच्या शिकण्याइतकी आणि गणितात सुमारे 6 दिवसांच्या शिकण्याइतकी पुढे आढळली. हा फरक खरा आहे, पण लहान आहे, आणि सरासरीत शहरांतल्या शाळांचाही वाटा आहे. जोशुआ अँग्रिस्ट, पराग पाठक आणि ख्रिस्तोफर वॉल्टर्स या अर्थशास्त्रज्ञांनी मॅसॅच्युसेट्स राज्यात सोडतीत जागा मिळालेली आणि न मिळालेली मुले यांची तुलना केली. ही पद्धत मला सर्वांत विश्वासार्ह वाटते, कारण दोन्ही गटांतले पालक सारखेच जागरूक असतात; भेद फक्त चिठ्ठीचा असतो. त्यांच्या 2013 साली प्रसिद्ध झालेल्या संशोधनात शहरातल्या चार्टर शाळांनी मुलांचे गुण स्पष्टपणे वाढवले, मात्र शहराबाहेरच्या चार्टर शाळांत तो लाभ दिसला नाही, उलट काही ठिकाणी गुण घटलेले दिसले. याचे एक कारण समजण्यासारखे आहे. शहरातल्या मुलाला चार्टर नसती तर मिळाली असती ती शाळा बहुधा अडचणीतली असे. उपनगरातल्या मुलाला मिळाली असती ती शाळा मुळातच बऱ्यापैकी चांगली असते.

चँडलरमध्ये हे तर ठळकपणे लागू पडते. चँडलर युनिफाइड डिस्ट्रिक्टकडे गुणवान मुलांसाठी नॉक्स गिफ्टेड अकॅडमी आहे, ॲरिझोना कॉलेज प्रेप ही अभ्यासावर भर देणारी स्वतःची शाळा आहे, चँडलर हायस्कूलमध्ये इंटरनॅशनल बॅकलॉरिएटचा कार्यक्रम आहे. ओपन एनरोलमेंटमुळे हद्दीबाहेरच्या शाळेतही अर्ज करता येतो. म्हणून तुमची तुलना दोन चार्टर शाळा आणि ‘उरलेली’ एक शाळा अशी नसावी. यादीत डिस्ट्रिक्टच्या या शाळाही बरोबरीने घाला.

आता क्रमवारीविषयी. तुमच्या पतींचा मुद्दा मी हलका मानत नाही. बेसिसची सुरुवात 1998 साली टूसॉनमध्ये झाली आणि 2018 साली यू. एस. न्यूज या नियतकालिकाच्या हायस्कूलच्या यादीत पहिले क्रमांक याच साखळीच्या ॲरिझोनातल्या शाळांनी पटकावले. तिथे पुढच्या टप्प्यापर्यंत पोहोचलेली मुले खरोखर खूप शिकतात. मात्र ती यादी काय मोजते ते पाहा. यू. एस. न्यूजच्या अलीकडच्या सूत्रात सुमारे 40 टक्के वजन एपी (हायस्कूलमध्येच दिल्या जाणाऱ्या कॉलेज पातळीच्या परीक्षा) किंवा आयबी (इंटरनॅशनल बॅकलॉरिएट) परीक्षांना आहे, म्हणजे बारावीतल्या किती मुलांनी त्या दिल्या, किती उत्तीर्ण झाली आणि किती वेगवेगळ्या विषयांत. ज्या शाळेत एपी अभ्यासक्रम सर्वांना सक्तीचाच असतो तिला या मोजणीत मोठा फायदा मिळतो. आणि हिशेब बारावीतल्या मुलांचा असल्यामुळे जी मुले सातवीत, आठवीत किंवा नववीत शाळा सोडून गेली ती त्यात कुठेच नसतात. तुमच्या ओळखीच्या घरातला तो मुलगा अशा कोणत्याही यादीत सापडणार नाही. तुमच्या मुलीसाठी मात्र त्याची हकीकत त्या क्रमांकापेक्षा अधिक उपयोगाची आहे. ‘का सोडली?’ असे न विचारता ‘सातवीत रोज किती तास अभ्यास असे, झोपायला किती वाजत, शाळेने काय मदत देऊ केली?’ असे त्याच्या आईला निवांतपणे विचारा. कारण विचारले की माणसे संकोचतात. दिनक्रम विचारला की बोलतात.

मुले शाळेत टिकतात का हे तपासण्याचा एक मार्ग कोणत्याही पालकाला खुला आहे. ॲरिझोनाचे शिक्षण खाते दरवर्षी प्रत्येक शाळेतली इयत्तावार विद्यार्थीसंख्या प्रसिद्ध करते. एखाद्या वर्षी सहावीत असलेल्या मुलांची संख्या घ्या, पुढच्या वर्षीची सातवीची, मग आठवीची, अशी थेट बारावीपर्यंत जा. सहावीतली शंभर मुले बारावीत चाळीस उरत असतील, तर वरच्या वर्गाचा निकाल हा शाळेच्या शिकवण्याचा जितका आहे तितकाच गळतीचाही आहे. मात्र घाईने दोष देऊ नका. आठवीनंतर बरीच मुले मोठे मैदान, बँड, फुटबॉल आणि बालपणचे मित्र यांसाठी आनंदाने डिस्ट्रिक्टच्या हायस्कूलमध्ये जातात, आणि छोट्या शाळांत तो उतार दिसणारच. सहावी ते आठवीच्या मधली घट मात्र गंभीरपणे घ्या, कारण त्या वयात मूल सहसा हौसेने शाळा बदलत नाही. हीच मोजणी डिस्ट्रिक्टच्या शाळेसाठीही करा. गेल्या काही वर्षांत चँडलर युनिफाइडची एकूण विद्यार्थीसंख्या घटत आली आहे, तेव्हा तिथल्या आकड्यांकडेही तितक्याच सावधपणे पाहायला हवे.

दुसरी उपयोगी गोष्ट म्हणजे राज्याची अ ते फ श्रेणी, पण तिचे केवळ अक्षर पाहू नका. बालवर्ग ते आठवीच्या शाळांच्या श्रेणीत निम्मे वजन मुलांच्या प्रगतीला आहे, म्हणजे मूल आधीच्या वर्षीच्या परीक्षेत जिथे होते तिथून किती पुढे गेले याला. परीक्षेत किती मुले उत्तीर्ण हा आकडा बहुतांशी घरांविषयी सांगतो; इंटेलसारख्या कंपन्यांतल्या अभियंत्यांची मुले ज्या शाळेत असतात तिथे तो उंच असणारच. प्रगतीचा आकडा शाळेविषयी सांगतो. दोन ‘अ’ शाळांमध्ये या एका घटकात मोठा फरक असू शकतो, आणि अहवालात घटकवार गुण स्वतंत्र दिलेले असतात.

आता शाळांच्या स्वभावाकडे वळते, कारण तुमची मुलगी ही सरासरी नव्हे. बेसिसमध्ये वेग हाच शिक्षणपद्धतीचा गाभा आहे. विज्ञानाचे विषय लवकर वेगवेगळे होतात, गणित इयत्तेच्या पुढचे शिकवले जाते, आणि सहावीपासून वर्षअखेरच्या सर्वसमावेशक परीक्षांना मोठे महत्त्व असते. ज्या मुलाला वेग हवाच असतो, जे मूल नेहमीच्या वर्गात कंटाळून जाते, त्याला तिथे मोकळा श्वास घेता येतो. अशी मुले असतात आणि त्यांच्यासाठी ही शाळा वरदान ठरते. ग्रेट हार्ट्सचा कल निराळा आहे. तिथे लॅटिन आहे, अभिजात ग्रंथांचे सावकाश वाचन आहे, वर्गात चर्चा आहे, संगीत आणि चित्रकला अभ्यासाचाच भाग आहेत. तुम्हाला ती भावली यात नवल नाही. पण तिथेही गृहपाठ भरपूर असतो, लेखन खूप असते, आणि पाश्चात्त्य परंपरेभोवती रचलेले वाचन तुम्हाला आणि तिला किती जवळचे वाटेल याचा विचार करायला हवा. वातावरण आवडणे हे आईचे मत आहे. मुलीचे मत अजून पत्रात आलेले नाही.

आणि परीक्षेच्या आदल्या रात्रीचे ते पोटदुखणे. तुम्ही ते एका वाक्यात लिहिले आहे; मला ते पत्रातले सर्वांत महत्त्वाचे वाक्य वाटते. मी डॉक्टर नाही, आणि ते वारंवार होत असेल तर आधी तिच्या डॉक्टरांना दाखवा. परंतु पाचवीतल्या साध्या चाचणीने जिचे अंग बोलू लागते तिला परीक्षांवरच उभ्या असलेल्या शाळेत नेताना ‘सवय होईल’ या भरवशावर नेऊ नये. काही मुलांना सवय होते, हे खरे आहे. काही मुले मात्र हुशार असूनही स्वतःला मंद समजू लागतात, कारण आजूबाजूचा प्रत्येकजण दोन इयत्ता पुढचे गणित करत असतो. बारा वर्षांच्या वयात स्वतःविषयी झालेला हा समज पुसायला फार काळ लागतो, आणि तो काळ कोणत्याही एपी परीक्षेने भरून निघत नाही.

शाळा पाहायला जाल तेव्हा खुल्या दिवसाच्या सादरीकरणावर समाधान मानू नका. त्या दिवशी पुढे आलेली मुले ही त्या शाळेत रुळलेली मुले असतात. साध्या कामाच्या दिवशी सातवीचा वर्ग पाहू देतील का, असे विचारा. मुख्याध्यापकांना विचारा, की एखादे मूल ऑक्टोबरमध्ये दोन विषयांत मागे पडले तर डिसेंबरपर्यंत त्याच्यासाठी नेमके काय केले जाते, आणि ते कोण करते. ‘आमच्या इथे अपेक्षा उंच असतात’ हे या प्रश्नाचे उत्तर नव्हे. शिक्षक किती वर्षे टिकतात ते विचारा. ॲरिझोनात चार्टर शाळेच्या शिक्षकांना राज्याचे अध्यापन प्रमाणपत्र असलेच पाहिजे असे बंधन नाही. यामुळे काही शाळांना विषयात पारंगत माणसे मिळतात आणि काहींना केवळ स्वस्त माणसे मिळतात. शिकवणाऱ्यांच्या शिक्षणाची आणि अनुभवाची माहिती पालकांना मागून पाहण्याचा कायदेशीर हक्क आहे. तो वापरा, त्यात उद्धटपणा काही नाही. वाद्यवृंद आहे का, असल्यास शाळेच्या वेळेत आहे की नंतर, हेही विचारा. बससेवा बहुतेक चार्टर शाळांत नसते, त्यामुळे सकाळ-दुपारच्या फेऱ्या तुम्हा दोघांपैकी कोणाच्या नोकरीतून निघणार हे घरातच आधी स्पष्ट बोला. अनेक घरांत हा भार न बोलता आईवर पडतो. रविवारची मराठी शाळा तिला चालू ठेवायची असेल तर गृहपाठाच्या तासांत तिचाही हिशेब धरा.

शाळा टिकेल का, हा प्रश्न साखळीतल्या जुन्या शाळांबाबत फारसा भेडसावणार नाही. हे वाचणाऱ्या इतर पालकांसाठी मात्र तो महत्त्वाचा आहे. ॲरिझोनात शाळा चालवण्याची सनद (चार्टर) आधी 15 वर्षांची मिळते आणि नूतनीकरण 20 वर्षांचे होते, तरीही शाळा मध्येच बंद पडू शकते. 2018 सालच्या जानेवारीत गुडइयर या उपनगरातली एक चार्टर शाळा शैक्षणिक वर्षाच्या मध्यावर अचानक बंद झाली आणि शेकडो मुलांना काही दिवसांत दुसरी शाळा शोधावी लागली. राज्याचे चार्टर मंडळ प्रत्येक शाळेच्या शैक्षणिक कामगिरीबरोबर आर्थिक स्थितीचाही अहवाल प्रसिद्ध करते. नवी, छोटी, एकटी शाळा निवडताना तो वाचल्याशिवाय पुढे जाऊ नका.

धाकट्याविषयी तुम्ही ‘भावंडांना प्राधान्य मिळते, मग दोघांनाही एकदमच घालू का?’ असे विचारले आहे. प्राधान्य मिळते हे खरे, पण सोय हा एकमेव निकष होऊ नये. चार्टर शाळेवरही विशेष शिक्षणाचा संघराज्याचा कायदा पूर्णपणे लागू आहे. प्रवेशाआधी मुलाला आयईपी आहे का हे पाहून ती त्याला नाकारू शकत नाही, ‘आमची शाळा अशा मुलांसाठी नाही’ असे सुचवूही शकत नाही. आणि शाळा बदलल्यावर नवी व्यवस्था ठरेपर्यंत तिला आधीच्याशी तुल्य सेवा द्यावीच लागते. हक्क मात्र एक आणि रोजची सेवा दुसरी. मोठ्या डिस्ट्रिक्टकडे स्पीच थेरपिस्टांचा संच असतो. छोटी शाळा बाहेरून कोणाला तरी आठवड्यातून ठरावीक वेळी बोलावते. स्पीच थेरपिस्ट शाळेच्या नोकरीत आहे की कंत्राटी, आठवड्यात किती दिवस येतो, तो सोडून गेला तर मधल्या काळात काय होते, हे लेखी विचारा. तुमच्या मुलाला सध्याच्या ठिकाणी चांगली मदत मिळते आहे आणि तो थेरपिस्टला रुळला आहे, असे तुमच्या पत्रावरून दिसते. तसे असेल तर त्याला आत्ता हलवण्याचे मला एकही सबळ कारण दिसत नाही. बहीण आणि भाऊ वेगवेगळ्या शाळांत गेले तर घराचे वेळापत्रक बिघडेल, प्रेम बिघडणार नाही.

आता वेळेविषयी, कारण तुमची खरी भीती तिथे आहे. अनेक चार्टर शाळांत सहावी ही प्रवेशाची मोठी पायरी असते आणि पुढच्या इयत्तांत जागा कमी निघतात, हे पतींचे म्हणणे बरोबर आहे. पण चँडलर युनिफाइडमध्ये सहावीचा वर्ग बहुतेक ठिकाणी प्राथमिक शाळेतच असतो. ज्युनिअर हाय, म्हणजे सातवी-आठवीची वेगळी शाळा, सातवीपासून. म्हणजे आत्ताच्या शाळेत आणखी एक वर्ष राहणे हे तिच्या वर्गमित्रांसाठी नैसर्गिकच आहे, मागे पडणे नव्हे. अर्ज मात्र हिवाळ्याच्या मुदतीत बेसिस, ग्रेट हार्ट्स आणि कॉलेज प्रेप अशा तिन्ही ठिकाणी करा. अर्ज म्हणजे होकार नव्हे. सोडतीत जागा लागल्यावर उत्तर द्यायला थोडेच दिवस मिळतात, म्हणून वरची सगळी चौकशी त्याआधी उरकलेली असावी. परतीचा रस्ताही उघडा आहे. तुम्ही डिस्ट्रिक्टच्या हद्दीत राहता तोवर तुमच्या भागाच्या शाळेत मुलीला केव्हाही परत घ्यावेच लागते. हा हक्क फक्त तुमच्या भागाच्या शाळेपुरता आहे. नॉक्स किंवा कॉलेज प्रेपमधली जागा सोडली तर ती पुन्हा मिळेल याची हमी नसते. तुमच्या नोकरीमुळे किंवा व्हिसामुळे दोन-तीन वर्षांत राज्य बदलण्याची शक्यता असेल, तर फार पुढे पळवलेले गणित नव्या शाळेत कसे बसवायचे हाही प्रश्न येतो. तोही आधी बोलून घ्या.

तुम्ही माझे मत विचारले आहे, तेव्हा आडपडदा न ठेवता सांगते. पत्रातल्या माहितीवरून मी यंदा मुलाला आहे तिथेच ठेवीन, मुलीसाठी ग्रेट हार्ट्स आणि कॉलेज प्रेप या दोन शाळा गंभीरपणे पाहीन, आणि बेसिसचा निर्णय तिच्या आवडीवर सोडेन. त्यासाठी तिला एकदा तिथल्या साध्या कामाच्या दिवसात बसू द्या आणि घरी आल्यावर ‘आवडली का?’ असे विचारू नका. त्या प्रश्नाचे उत्तर ती बाबांचा चेहरा पाहून देईल. त्याऐवजी जेवताना विचारा, की कोणत्या तासाला वेळ पटकन गेला, मधल्या सुट्टीत मुले काय करत होती, आणि तिथल्या कोणाला एखादी गोष्ट समजली नाही तेव्हा बाई काय म्हणाल्या. हे बोलणे पतींच्या समोर होऊ द्या, आणि त्या संध्याकाळी तुम्ही दोघांनी आपापले मत सांगायचे नाही असे आधी ठरवा. पुढच्या आठवड्यात त्यांच्याबरोबर बसून इयत्तावार संख्येचा तो तक्ता भरा. त्यांना आकड्यांवर विश्वास आहे, तर हे आकडेही त्यांनीच काढावेत.